पाण्यावरचा पार

धरणाचा काठ, करंजळी शिवार
१२ जुलै २०२४

तीर्थरूप अण्णांना,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण गुडघ्याने परवानगी दिली नाही. उभ्यानेच घ्या.

फोन करून पाहिला. तुमच्या फोनमध्ये माझा नंबर ‘उचलू नये’ या नावाने ठेवलाय असं वहिनींनी सांगितलं. ठेवलाय, पुसला नाही, एवढ्यावर मी समाधान मानते. म्हणून हे पत्र. बायनावहिनी, पाकीट तुम्हीच आधी फोडणार हे मी धरून चाललेय. मोठ्याने वाचून दाखवा. मध्ये कुठे गोड काही सापडलं तर गाळा, त्यांना संशय येईल.

वडील गेल्यावर तुम्ही साडीचोळी केलीत आणि हक्कसोडीच्या कागदावर सही मागितलीत. साडी मी घेतली, सही केली नाही. तुम्हाला दोन्ही खटकलं. आपल्याकडे बहीण सही करते, मग भाऊ तिला जन्मभर माहेरपण करतो. हा व्यवहार मला ठाऊक होता, तरी नाही केला. आणि वाट्याला मागितलं काय, तर पाण्याकाठचा तुकडा, जो बरा पाऊस झाला की धरणात जातो. जिंतूरच्या बाजारात लोक म्हणाले, दिनकररावांच्या बहिणीने भावाकडून वाटणी घेतली. कोणती घेतली हे कळल्यावर म्हणाले, तिला वेड लागलंय. दोन्ही ऐकून तुम्हाला कशाचा जास्त राग आला ते मला अजून कळलेलं नाही.

तुकडा कशाला हवा होता, ते सांगायचं राहिलंच.

मी वीस-बावीस वर्षं समुद्रातल्या तेलाच्या फलाटांची कामं केली, हे तुम्ही पाहुण्यांना ‘मुंबईला कंपनीत हाय’ एवढ्यात उरकायचात. तिथे भर समुद्रात शेकडो माणसं राहतात. उत्तम जेवतात, उत्तम झोपतात आणि परत जायचा दिवस मोजतात. त्याला वस्ती म्हणत नाहीत. बसस्टँडला छप्पर असतं म्हणून त्याला कुणी घर म्हणतं का? मला समुद्रावर वस्ती करायची आहे. म्हाताऱ्यांसकट, बाळंतिणींसकट, शेळ्यांसकट. भांडणांसकट.

कशाला, म्हणाल. समुद्र चढतोय. किनाऱ्यावरच्या गावांना एक दिवस कुणीतरी येऊन सांगणार, उठा. उठवलेल्या गावाचं पुढे काय होतं, हे मला मुंबईत एकाही सभेत समजावून सांगता आलं नाही. करंजळीत ते कुणाला समजवावं लागत नाही. धरणात गाव गेलं तेव्हा तुम्ही दहा वर्षांचे, बैलगाडीत भांड्यांवर बसून नव्या करंजळीला आलात. मी नंतरची, मला फक्त गोष्टी मिळाल्या. त्या गोष्टींवरून माझ्या डोक्यात एकच आलं: पाणी वाढलं तर गाव का हलवायचं, गावानेच पाण्याबरोबर वर का चढू नये?

मुंबईच्या एका संस्थेने कबूल केलंय, आठ कुटुंबं पावसाळा ते दिवाळी इथे धरणाच्या पाण्यावर राहिली आणि त्यांच्या बाईंनी येऊन पाहिलं, तर पुढचा खर्च करून ते ही वस्ती कोकणच्या किनाऱ्यापुढे समुद्रात नेतील. समुद्र कळणारी माणसं पगारावर मिळतात. मला गाव कळणारी पाहिजेत.

तराफे तयार आहेत. पोकळ सिमेंटचे डबे, वर घर. आश्रुबाकाका बघून गेले. म्हणाले, “शिमिट तरंगतंय व्हय?” तरंगताना दाखवलं. मग म्हणाले, “ते जाऊ दे. दिनकरराव काय म्हनत्यात?”

ज्याला विचारावं तो हेच विचारतो. तेव्हा अण्णा, माझ्याशी बोलू नका, पण लोकांशी बोला.

तुमची,
राजेश्री


८ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप अण्णांना,

आभार. तुम्ही हॉटेलात चहा पिताना म्हणालात म्हणे, “जायचं त्यानं जावं, बुडायचं त्यानं बुडावं, मला कामून इचारता?” गावाने याचा अर्थ परवानगी असा लावला. पोळा झाला आणि आठही कुटुंबं आली. तुमच्या शिव्यासुद्धा लोक सहीशिक्क्यासारख्या वापरतात, हे तुम्हाला कधी कळणार?

आठ तराफे एका रांगेत, एकमेकांना बिजागऱ्यांनी जोडलेले. विमलाबाईंच्या घरातली एक खोली माझी. प्रत्येक घर सारखं, प्रत्येकाला सारखी ओसरी, सारखी खिडकी. कुणी म्हणू नये त्याला जास्त मिळालं. काठावरून येणारी नाव पहिल्या तराफ्याला लागते. मासे धरणारा परमेश्वर रोज सकाळी जाळी काढून परतताना दूध-भाजी टाकतो आणि रोज विचारतो, “बुडाली न्हाई अजून?” बातमी असली तर तीच पहिल्यांदा काठावर न्यावी, अशी त्याची इच्छा दिसते.

परवा धरणाचं पाणी एका रात्रीत वाढलं. काठावर पाण्याच्या मोटारी हलवायची धावपळ. आमच्याकडे विमलाबाईंच्या चुलीवरचं पिठलंसुद्धा हललं नाही. सकाळी उठून त्या म्हणाल्या, “बाई, शेजारची बाभळ बुटकी झाली वाटतं.” बाभळ होती तेवढीच होती. आम्ही वर चढलो होतो. अण्णा, त्या वाक्यासाठी मी नोकरी सोडली होती असं समजा.

तक्रारी आहेत. फुगीर जाकीट घालायला बाया तयार झाल्या, पुरुष लाजतात. आश्रुबाकाका ते उशाला घेतात. शेळ्यांना माझ्या ओसरीचं गणित मान्य नाही. आणि सगळ्यांची मिळून एक: “इथं करमत न्हाई.” का, विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. टीव्ही आहे, दिवे आहेत, वारा आहे. विमलाबाई नुसतं म्हणतात, “घर हाय वो. पर घरातून निगून जायचं कुठं?”

मी म्हटलं, शेजारी जा. त्या म्हणाल्या, “शेजारी कामाशिवाय जातंय व्हय कुनी?”

मी वहीत ‘करमणुकीची सोय’ असं लिहून घेतलं. इंजिनियर माणूस.

दिवाळी झाली की संस्थेच्या बाई येणार. भाऊबीज तीन नोव्हेंबरला आहे. भावाने बहिणीच्या घरी यायचं असतं. माझं घर हल्ली पाण्यावर आहे, एवढंच कळवते.

राजेश्री


५ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अण्णांना,

तुम्ही नावेतून पाहिलं. मी आतून सांगते.

दिवाळीमुळे प्रत्येक घरात लेकी-जावई, पाहुणे. वस्तीवर दुप्पट माणसं. त्याचा हिशेब मी केला होता: एका तराफ्यावर एक कुटुंब आणि त्यांचे पाहुणे, वर आणखी तेवढेच. घाबरण्याचं काही नव्हतं. औक्षणाचं ताट माझ्या ओसरीत ठेवलं होतं, उगाच. दुपार झाली तेव्हा मी त्यातली सुपारी खायला घेतली.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “दिनकरराव आले!”

अण्णा, गेल्या तीन वर्षांत करंजळीत याहून मोठी बातमी झालेली नाही. भाऊ बहिणीच्या घरी जातोय की नाही, यावर गावात पैजा लागलेल्या. परमेश्वरच्या नावेत तुम्ही, पांढरं धोतर, मांडीवर पिशवी, तोंड दुसरीकडे. ते पाहायला आठही तराफ्यांवरची माणसं पहिल्या तराफ्याकडे धावली. लेकरं, जावई, ताटातून उठलेले, हाताला बेसन लागलेल्या बाया. सगळे एका तराफ्यावर. आणि त्यातही सगळे त्याच्या एकाच कडेला.

तराफा खाली दबला आणि कलला. पाणी कडेवरून आत आलं, घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. मी ओरडत होते, “मागं व्हा, मागं व्हा!” मागचे ओरडत होते, “आमाला दिसंना!” बिजागरीचा खिळा तुटल्याचा आवाज मी ओळखते, तो ऐकला. दुसऱ्या तराफ्यावरचं वरणाचं पातेलं घसरलं. आश्रुबाकाका पाण्यात गेले, जाकीट अर्थातच उशाला. तुम्हीच त्यांना दंडाला धरून नावेत ओढलंत. साठी उलटलेली, पाण्याचं नाव काढलं की तोंड फिरवणारे तुम्ही, नाव उलटेल याची पर्वा न करता वाकलात. ते मी पाहिलं.

मग तुम्ही माझ्याकडे बघून ओरडलात. तीन वर्षांनंतरचे पहिले शब्द. गोंगाटात मला नीट ऐकू आले नाहीत. परमेश्वर सांगतो, तुम्ही म्हणालात, “ही बी पंगतच मांडलीस की गं!”

आणि नाव वळवून काठाला गेलात. तुमचा पाय माझ्या घराला लागला नाही.

कुणाला इजा नाही. एक शेळी पोहत गेली, ती बरी आहे, तिलाच सगळ्यात आधी काठ सापडला. संध्याकाळपर्यंत आठही कुटुंबं काठावर उतरली. सगळ्यांच्या फोनवर तो व्हिडिओ फिरतोय, ‘पाण्यावरचं गाव बुडालं’. बुडालं नाही. कललं. पण ‘कललं’ कोण बघणार? संस्थेच्या बाईंनीही पाहिला. त्यांनी कळवलंय, जूनमध्ये पावसाच्या आधी एकदाच येऊ. तोवर कुटुंबं परत राहायला आली नसतील तर विषय संपला.

वहिनींच्या करंज्यांची पिशवी नावेत भिजली. परमेश्वरने त्या खाल्ल्या. सारण चांगलं होतं म्हणतो.

मी वस्तीवर एकटी आहे. उतरणार नाही.

राजेश्री


२० डिसेंबर २०२४

तीर्थरूप अण्णांना,

पंगत.

दीड महिना हा शब्द माझ्या दाढेत अडकलेला होता. काल तुटलेल्या बिजागरीला जोड देताना आठवला. मी लहान असताना कुणी पाहुणा नव्या करंजळीचं कौतुक करायचा, किती आखीव गाव, सरळ रस्ते, सारखे प्लॉट. तुम्ही ओसरीवर बसून म्हणायचात, “गाव कुठं हाय हे? पंगत हाय. सगळी वळीनं बसवलीत, समोरच्याकडं पाठ फिरवून. वाढपी गेला, पंगत तशीच राहिली.” सगळे हसायचे. मीही. तुम्ही मात्र हसत नव्हतात, हे मला काल पहिल्यांदा दिसलं.

जुन्या करंजळीत कडुलिंबाभोवती दगडी पार होता. येणारा आधी तिथे यायचा, मग ज्याच्या त्याच्या घरी. घरची कटकट झाली की पुरुष तिथे, दुपारी बाया तिथे, रात्री सगळे. उठवलं तेव्हा घरांची मोजणी झाली, गोठ्यांची झाली, विहिरींची झाली. पार कुणाच्या नावावर नव्हता, म्हणून तो कुठल्या मोजणीत आला नाही. नव्या गावात सगळ्यांना सारखं मिळालं आणि मध्ये काहीच नव्हतं.

आणि मी काय केलं? आठ घरं, सारखी, रांगेत. तुम्ही ज्यांना जन्मभर नावं ठेवलीत त्या साहेबांचाच नकाशा मी पाण्यावर काढला. वर खिडक्या जास्त दिल्या, एवढाच फरक.

माझं गणित बरोबर होतं. त्यातली माणसं चुकीची होती. मी धरलं होतं, माणसं आपापल्या घरात राहतात. तेलाच्या फलाटावर राहतात. करंजळीची माणसं राहत नाहीत. ती जिथे काही घडतंय तिथे जातात, सगळी, एकदम. त्यांना जायला मध्ये जागा नव्हती, म्हणून ती कडेला गेली. विमलाबाईंनी सप्टेंबरातच सांगितलं होतं, घरातून निघून जायचं कुठं. मी करमणुकीची सोय लिहून घेत बसले.

आता रांग मोडतेय. मध्ये एक रुंद तराफा, बाकीच्यांच्या चौपट. आठ घरं त्याच्याभोवती, दारं आत. नाव बाहेर कुठे लागणारच नाही. दोन घरांमधल्या फटीतून आत येणार, थेट मधल्या तराफ्याला. बघायला धावतील ते मध्येच धावतील. मधल्याच्या तळाला वजन पाहिजे, वाळूच्या गोण्या भरीन.

आणि एक. हक्कसोड मी करणार नाही. हे पत्र मवाळ वाटून तुमचा गैरसमज होऊ नये, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कुटुंबं परत यायला तयार नाहीत. पुन्हा तेच विचारतात, दिनकरराव काय म्हणतात. मी सांगते, पंगत म्हणाले. ते म्हणतात, मग बरोबरच हाय की.

हो. बरोबरच आहे.

राजेश्री


११ मे २०२५

तीर्थरूप अण्णांना,

आज परमेश्वरने नावेतून दगड आणले. काळे, घडीव, एकेक दोन माणसांनी उचलायचा. शेवाळ वाळून खपली धरलेली. मी विचारलं, “हे काय?”

“अण्णांनी धाडलेत. ‘तिला सांग, गोन्या फाटत्यात,’ म्हनले.”

पाणी उतरलंय, जुन्या करंजळीचा पार उघडा पडलाय, हे मला इथून दिसत होतं. सकाळपासून तिथे ट्रॅक्टर उभा होता आणि पांढरं धोतर. मला वाटलं गाळ नेताय. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं पाण्याखाली असलेला पार तुम्ही पहारीने उकलत होतात.

परमेश्वरला बातमी द्यायला माणूस पाहिजेच असतो, त्याने बाकीचंही सांगितलं. ट्रॅक्टर गावातून गेला तेव्हा आश्रुबाकाकांनी हटकलं, “दिनकरराव, दगड कुठं नेयलाव?”

तुम्ही म्हणालात, “मपल्या जाग्यावर.”

“जागा तर तिथंच व्हती की, जुन्या गावात.”

“जागा पान्यात गेली. आता पान्यावर येऊ द्या.”

परमेश्वर ही वाक्यं तुमच्या आवाजात म्हणून दाखवतो. बरी नक्कल करतो.

दगड तळाला भरणार होते, वजन म्हणून. तुम्ही निरोप धाडलात, “अर्धे खाली घाल, अर्धे वर. वरच्यावर बसता आलं पायजे.” तुमची सूचना गणितात तपासून पाहिली. वजन वर जास्त झालं तर डुलेल. दोन हिस्से खाली, एक हिस्सा वर, एवढं चालेल. यात घासाघीस करू नका, हे पाणी आहे, भाऊकी नव्हे.

विमलाबाई आज येऊन चूल सारवून गेल्या.

राजेश्री


१५ जून २०२५

अण्णा,

तुम्ही माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, तेवढेही लांब नाही. पारावर बसलाय, पाठ माझ्याकडे. आठ दिवस झाले तुम्ही रोज नावेने येता, सगळ्यांशी बोलता, माझ्याशी बोलत नाही. ओसरीत बसून मी तुम्हाला पत्र लिहितेय आणि ते उद्या परमेश्वर तुमच्याच घरी नेऊन देणार. आपल्या घराण्यात सरळ काम करायची पद्धत नाही.

आज संस्थेच्या बाई आल्या.

त्यांची नाव लांबून दिसली तेव्हा मी माणसं मोजायला घेतली. पार लागला तशी कुटुंबं एकेक करून परत आलेली, आठही घरं भरलेली, वर काठावरून तमाशा बघायला आलेले वेगळे. सगळे उठून उभे राहिले. पोरं पळायच्या बेतात. आश्रुबाकाकांनी मान लांब केली, “आली, आली, साहेबीन आली!”

तुम्ही तंबाखू मळत होतात. मान वरही केली नाही.

“बसा रे,” म्हणालात. “येनारं इकडंच यायलंय की. जातंय कुठं?”

आणि माणसं बसली, अण्णा. मी वीस वर्षं माणसांना सुरक्षेचे धडे दिले, फलक लावले, भोंगे वाजवले. माणसं बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

नाव फटीतून आत आली, पाराला लागली. बाई उतरल्या. पन्नास-साठ माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली, अगदी भाऊबीजेसारखीच, बेसनाच्या हातांची. पाराच्या दगडावर विमलाबाईंनी चहाची कपबशी काठोकाठ भरून ठेवली होती. बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपबशीतला चहा सांडला नव्हता. मला बोलायला काही शिल्लक ठेवलंच नव्हतं कुणी.

जाताना त्या म्हणाल्या, पावसाळा संपला की किनाऱ्यावर काम सुरू करा. मोठी वस्ती, खाऱ्या पाण्यावर. कोण कोण येणार, ते तुम्ही ठरवा.

त्या गेल्यावर तुम्ही परमेश्वरला काहीतरी विचारलंत. तुमचा प्रश्न मला ऐकू यावा एवढ्या मोठ्याने विचारलात, म्हणून मी तो माझ्यासाठीच आहे असं धरते. तुम्ही मागच्या आठवड्यात पाराच्या मधोमध अर्ध्या कापलेल्या पिंपात लिंबाचं रोप लावलंत, त्याकडे बोट दाखवून म्हणालात, “समिंदराचं पानी खारट असतंय म्हनं. मग ह्यो लिंब जगायचा कसा?”

मुंबईच्या कुठल्याही सभेत मला हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्यांनी लाटा विचारल्या, विमा विचारला, परतावा विचारला. लिंबाचं कुणी विचारलं नाही.

उत्तर देते. मुळाला खारं पाणी लागणार नाही. घरांच्या छपरांवरचं पावसाचं पाणी टाकीत साठेल, प्यायला पुरून झाडाला उरेल. माती इथूनच नेऊ, आपल्या शिवारातली, काळी. वारा खारा असेल, त्याने पानं करपतील, पण लिंब चिवट असतो, पुन्हा फुटेल. एक अडचण खरी आहे. झाड वाढलं की वारा धरेल आणि वारा धरला की वस्ती ओढली जाईल. म्हणून त्याला फार उंच होऊ द्यायचं नाही. दरवर्षी, वेळच्या वेळी, हिशेबाने छाटावं लागेल.

त्या कामाला माणूस पाहिजे. पारावर बसायची तयारी हवी आणि लोकांना एका शब्दात खाली बसवता आलं पाहिजे. पोहता येत नसेल तर जाकीट मिळेल, उशाला घ्यायचं नाही. माझ्याशी बोललंच पाहिजे, अशी अट नाही.

राजेश्री